बदली

आमच्या घरात 'बदली' हा शब्द नेहमी दबक्या आवाजात बोलला जायचा. मी बेळगावात एका बँकेत कारकून होतो. १९७८ साली लागलो आणि २०१४ साली निवृत्त झालो. या छत्तीस वर्षांत नोकरीसाठी गाव सोडले ते फक्त दोनदा, प्रशिक्षणाला, तेही आठ-आठ दिवस. ऑफिसरच्या बढतीची संधीही दोनदा आली. बढती घेतली की बदली आलीच. रायचूरला टाकतील की बळ्ळारीला, त्याचा नेम नाही. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगा शाळेत, अनगोळात नुकते बांधलेले घर. दोन्ही वेळा मी 'नको' म्हणून लिहून दिले. माझ्यामागून लागलेली मुले मॅनेजर होऊन माझ्याच शाखेत आली आणि मी त्यांना 'सर' म्हणत राहिलो. वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण मनाशी एक हिशेब पक्का होता. माणूस एका ठिकाणी टिकला पाहिजे. जो टिकतो त्याच्यात काहीतरी आहे, आणि जो सारखा हलतो त्याच्यात कुठेतरी खोट आहे.

या हिशेबावर मी मुलालाही तोलत आलो. तो लहानपणापासून क्रिकेटचा वेडा. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सुटीत सकाळी सहाला जायचा तो उन्हे डोक्यावर आल्यावर घरी यायचा. कॉलेजच्या संघात त्याची निवड झाली, पण दोन हंगाम तो बारावा खेळाडूच राहिला. एका रविवारी सामन्याला जाण्यापूर्वी तो स्वतःच्या हाताने पांढऱ्या पँटला इस्त्री करत होता. मी पेपर वाचत होतो. पेपरातून डोके वर न काढता म्हणालो, "खेळायला चाललास की पाणी द्यायला?" तो काही बोलला नाही. इस्त्री पुरी केली, वायर गुंडाळून ठेवली आणि गेला. त्या हंगामानंतर किटची पिशवी माळ्यावर गेली ती गेलीच.

पुढे तो इंजिनिअर झाला. बंगळूर, पुणे, हैदराबाद आणि मग अमेरिका. तिथे गेल्यावर तर विचारूच नका. नोकरी एका कंपनीची, काम दुसऱ्याच कंपनीत, आणि तेही करार असेल तितके महिने. करार संपला की चंबूगबाळे उचलायचे. डॅलस, शार्लट, कोलंबस. आमच्या सौभाग्यवतींच्या टेलिफोन डायरीत त्याच्या नावाचे पान भरून गेले, मग मागच्या पानावर पत्ते लिहायला सुरुवात झाली. जुना पत्ता शाईने खोडायचा, खाली नवा लिहायचा. कोणी विचारले, "मुलगा काय करतो?" तर मी सांगायचो, "चांगलं आहे त्याचं, पण एका ठिकाणी टिकत नाही."

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे त्याच्याकडे ओहायो राज्यातल्या कोलंबसला गेलो. सून धारवाडची. ती मुलाशी आणि नातीशी कन्नडमध्ये बोलते, आम्ही नातीशी मराठीत, आणि नात ज्याला जे कळेल ते बोलते. आपल्याकडच्या घरांना हे नवे नाही. एकदा बोलता बोलता सूनच म्हणाली, की कन्नडमध्ये नोकरीतल्या बदलीला 'वर्गावणे' म्हणतात आणि 'बदली' म्हणजे नुसता एकाच्या जागी दुसरा. मराठीत मात्र दोन्हींना एकच शब्द. बदली झालेला कारकूनही बदली आणि बारावा खेळाडूही बदली. साठ वर्षे मराठी बोलून हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

मुलाला तिथे बेसबॉलचा नाद लागला होता. संध्याकाळी टीव्ही लावून बसायचा आणि मीही शेजारी बसायचो. क्रिकेट जाणणाऱ्याला हा खेळ निम्मा कळतो आणि निम्मा छळतो. प्रत्येक संघाचे नऊ डाव, एका डावात तीन बाद. मैदानाच्या चौकोनावर चार ठाणी, म्हणजे बेस, आणि चारही ओलांडून घरी आला की एक धाव. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. मागे, सीमेच्या भिंतीपाशी उंच चेंडू झेलायला तीन जण उभे असतात, ते आउटफिल्डर. आपल्याकडे कच्च्या मुलाला लाँगऑनला पाठवतात तसे काही नाही. तिथे पळणारा माणूस लागतो.

क्लीव्हलँड हे शहर कोलंबसपासून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर. तिथल्या संघाचे नाव तेव्हा इंडियन्स होते, २०२२ पासून ते गार्डियन्स झाले. त्या संघात एक आउटफिल्डर होता. पडद्यावर त्याचे नाव इंग्रजीत आले तेव्हा मी ते 'रजई' असे वाचले. मुलगा हसून म्हणाला, "राजे म्हणतात बाबा त्याला. राजे डेव्हिस." नाव राजे आणि सगळी कारकीर्द या दरबारातून त्या दरबारात.

एकदा मी विचारले, "हा कधी खेळतो, कधी नाही. असं का?" तेव्हापासून रोज थोडा थोडा त्याचा इतिहास मुलाने मला सांगितला. तो मी पुढे स्वतःही वाचून काढला. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो.

राजे डेव्हिसचा जन्म १९८० चा, कनेटिकट राज्यातला. तिथे दरवर्षी तीस संघ शाळा-कॉलेजांतली मुले एकेक करून निवडतात, एका फेरीत साधारण तीस. २००१ साली पिट्सबर्ग पायरेट्सने राजेला निवडले ते ३८व्या फेरीत. म्हणजे त्याच्याआधी हजारावर नावे वाचून झाली होती. आणि निवडले म्हणजे मोठ्या संघात आला असेही नाही. प्रत्येक मोठ्या संघाखाली लहान गावांतल्या संघांची उतरंड असते. हिकरी, लिंचबर्ग, अल्टूना, इंडियानापोलिस अशा एकेका पायरीवर एकेक वर्ष. प्रवास बसने, पगार तेव्हा पोटापुरता आणि तोही हंगामापुरता. निवडलेल्यांतली बरीच मुले या उतरंडीतच संपतात आणि घरी जाऊन दुसरा काही धंदा बघतात. राजे २००६ मध्ये वर पोचला, पंचविसाव्या वर्षी.

पोचला म्हणावे तर पुढच्याच वर्षी, ३१ जुलै २००७ ला, पिट्सबर्गने त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकले आणि बदल्यात एक पिचर घेतला. खेळाडूची अशी देवाणघेवाण तिथे सर्रास चालते आणि ज्याची होते त्याला विचारत नाहीत. २००८ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला मोकळे केले आणि ओकलंडने उचलून घेतले. ओकलंडला त्याने तीन हंगाम काढले, २०१० साली पन्नास बेस चोरले आणि त्याच वर्षाअखेर त्याला टोरांटोला देण्यात आले. तिथे तीन वर्षे, मग डेट्रॉइटला दोन, आणि २०१६ साली एका वर्षाच्या करारावर क्लीव्हलँड.

मी म्हणालो, "अरे, बँकेत निदान नको म्हणून लिहून देता येतं."

मुलगा म्हणाला, "इथेही येतं बाबा. पण दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये काढलेली पाहिजेत आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात."

पुढे हिशेब मांडून बघितला. राजे डेव्हिस चौदा हंगाम मोठ्या लीगमध्ये खेळला, पण सलग पाच वर्षे कुठेच नाही. म्हणजे 'नको' म्हणण्याचा हक्क मिळतो तो आधीच टिकून राहिलेल्याला. ज्याला त्याची खरी गरज, त्याला तो मिळतच नाही. बँकेत मी दोनदा वापरलेला तो हक्क इतका मोलाचा आहे हे मला तोवर माहीत नव्हते.

बेस चोरणे म्हणजे काय हे सांगायला हवे, कारण राजेची खरी भाकरी तीच. धावणारा पहिल्या ठाण्यावर असतो. पिचर पुढच्या फलंदाजाला चेंडू टाकायला हात उचलतो, त्या क्षणी हा दुसऱ्या ठाण्याकडे सुटतो. अंतर नव्वद फूट. चेंडू फलंदाजामागच्या कॅचरकडे पोचणार, कॅचर उठून तो दुसऱ्या ठाण्यावर फेकणार, आणि तो चेंडू येऊन अंगाला लागायच्या आत याने ठाण्याला हात किंवा पाय लावला पाहिजे. साडेतीन सेकंदांच्या आसपासचा सगळा खेळ. आपल्याकडे चोरटी धाव घेतात त्याच जातीचे काम, फक्त इथे फलंदाजाने चेंडू मारलेलाच नसतो. राजेने सगळ्या कारकिर्दीत असे ४१५ बेस चोरले. २०१६ मध्ये त्याने ४३ चोरले, आणि त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये तेवढे दुसऱ्या कोणी चोरले नाहीत. पळण्यावर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पस्तीस हे वय म्हणजे पेन्शनचे.

बॅट मात्र त्याची मध्यम. शंभरात सव्वीस वेळा यशस्वी, असा त्याचा कारकिर्दीचा आकडा. फलंदाज उजव्या हाताचा असल्यामुळे डावखुरा पिचर समोर असला की त्याला घ्यायचे, उजवा असला की पुष्कळदा बाकावर. म्हणून तो कधी खेळायचा, कधी नाही. मधूनच मात्र असे काही करायचा की बाकावरचे लोक उठून उभे राहावेत. डेट्रॉइटला असताना, ३० जून २०१४ ला, संघ तीन धावांनी मागे, शेवटचा डाव, तिन्ही ठाण्यांवर माणसे, समोर ओकलंडचा शॉन डूलिटल. राजेने होमरन मारला, चार धावा आल्या आणि सामना तिथेच संपला. २ जुलै २०१६ ला टोरांटोमध्ये त्याने एकाच सामन्यात एक, दोन, तीन आणि चार ठाण्यांचे चारही फटके मारले. असे करणारा एखादाच. पण नेमका तोच सामना क्लीव्हलँड हरले आणि सलग चौदा विजयांची त्यांची माळ तुटली. मला हे वाचून आमच्या बँकेतल्या एका कॅशियरची आठवण झाली. वर्षभर पै न पै जुळवली, पण साहेब तपासणीला आले त्या दिवशी नेमका फरक निघाला, तोही दुसऱ्याच्या काउंटरवर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी एकदा "बिचारा" म्हणालो तर मुलाने मला तोडले. "बिचारा काय बाबा? डेट्रॉइटने दोन वर्षांचे एक कोटी डॉलर दिले त्याला." तेही खरेच. पण त्याच्याबरोबर हिकरी-लिंचबर्गच्या बसमध्ये बसलेल्या किती जणांना असे काही मिळाले असेल?

तर २ नोव्हेंबर २०१६. जगज्जेतेपदाच्या मालिकेचा सातवा आणि शेवटचा सामना, क्लीव्हलँडमध्ये. (त्यानंतर सहाच दिवसांनी आपल्याकडे नोटाबंदी झाली आणि माझे जुने सहकारी रांगांना तोंड देत असताना मी परदेशात बसून बर्फाची वाट बघत होतो, याचे टोमणे अजून खातो.) समोर शिकागो कब्ज. शिकागोने १९०८ नंतर एकदाही ही मालिका जिंकली नव्हती आणि क्लीव्हलँडने १९४८ नंतर. दोन्हीकडे देव पाण्यात.

क्लीव्हलँड बहुतेक वेळ मागेच होते. पाच-एक झाले, मग सहा-तीन. आठव्या डावात क्लीव्हलँडचे दोन बाद झाले. सौभाग्यवती आणि नात केव्हाच झोपल्या होत्या. एक जण पहिल्या ठाण्यावर पोचला तसा शिकागोने आपला हुकमी पिचर आणला, अरोल्डिस चॅपमन. हा डावखुरा क्यूबन माणूस. २०१० साली त्याने ताशी १६९ किलोमीटर वेगाने चेंडू टाकल्याची नोंद आहे. आपल्या शोएब अख्तरचा विक्रम त्याहून कमी. पण चॅपमनचा चेंडू टप्पा न घेता, अठरा-साडेअठरा मीटरवरून थेट अंगावर येतो. तो आला आणि तरी पुढच्या फलंदाजाने दोन ठाण्यांचा फटका मारला. सहा-चार. मग सातव्या क्रमांकावर राजे डेव्हिस.

त्या मालिकेत त्याची बॅट जवळजवळ गप्पच होती. पडद्यावर त्याचा हात जवळून दाखवला. दांड्याच्या टोकाला धरायची ती बॅट त्याने चांगली वर सरकवून धरली होती. लहान पोराला मोठ्या माणसाची बॅट दिली की ते धरते तशी. मी म्हणालो, "असं का धरलंय?" मुलगा पुढे सरकून बसला होता. म्हणाला, "वेगाला पोचायचंय. बॅट आखूड झाली की लवकर फिरते. जोर कमी लागतो तेवढा, पण लागेल तरी." म्हणजे होमरनचा मोह त्याने आधीच सोडला होता. चेंडूला बॅट नुसती लागली तरी पुष्कळ, एवढाच त्याचा बेत दिसत होता. दोन-तीन चेंडू असेच कडेला उडाले. प्रत्येक वेळी तो बाहेर यायचा, एक श्वास घ्यायचा आणि पुन्हा तशीच आखूड बॅट धरून उभा राहायचा.

मग तो फटका. फार उंच नाही. डावीकडच्या भिंतीकडे सरळ गेला. तिथे भिंत एकोणीस फूट आहे. चेंडू तिच्यावरून जेमतेम पलीकडे गेला. सहा-सहा.

मुलगा ओरडला नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभाच राहिला. सून आतून धावत आली, "एनायतु?" म्हणून. मला काय झाले कोण जाणे, मी टाळ्या वाजवत होतो. ज्या खेळाचे नियम मला धड येत नव्हते, ज्या गावाशी माझा काही संबंध नव्हता, त्या गावच्या एका वर्षाच्या करारावरच्या माणसासाठी मी मध्यरात्री टाळ्या वाजवत होतो.

सिनेमा असता तर इथे पडदा पडला असता. नवव्या डावानंतर पाऊस आला आणि सतरा मिनिटे खेळ थांबला. दहाव्या डावात शिकागोने दोन धावा केल्या. क्लीव्हलँडचे पुन्हा दोन बाद झाले, एक जण ठाण्यावर होता आणि पुन्हा फलंदाजीला आला राजेच. त्याने पुन्हा फटका मारला, एक धाव आली. आठ-सात. आता ठाण्यावर तो स्वतः उभा होता, म्हणजे तो घरी आला की बरोबरी. पुढचा फलंदाज होता मायकल मार्टिनेझ, नवव्या डावात क्षेत्ररक्षणासाठी म्हणून आणलेला बदली खेळाडू. त्याच्या बॅटीला लागून चेंडू सरपटत हळूच गेला, शिकागोच्या तिसऱ्या ठाण्यावरच्या खेळाडूने धावत येऊन तो उचलला आणि पहिल्या ठाण्यावर फेकला. संपले. शिकागोची १०८ वर्षांची साडेसाती सुटली. राजे होता तिथेच राहिला.

मुलाने टीव्ही बंद केला. एक वाजायला आला होता. सून स्वयंपाकघरात दूध गरम करत होती. मी पाणी प्यायला तिकडे गेलो, तर ती कन्नडमध्ये हळूच म्हणाली, की त्यांचा इथला करार डिसेंबरअखेर संपतोय, पुढचं अजून ठरलं नाही, तुम्हाला सांगू नको म्हणालेत. "तुम्ही काळजी करता म्हणून," असे ती म्हणाली. सुना असेच म्हणतात. मी काय म्हणतो हे त्याला पाठ होते, म्हणून त्याने सांगितले नव्हते.

मी बाहेर येऊन बसलो. तो अजून कोचावर होता. मला नोकरीचे विचारायचे होते, पण तोंडातून दुसरेच आले.

"त्या वेळी मी तुला पाणी द्यायचं बोललो होतो."

त्याने 'कधी' असे विचारले नाही. बारा-तेरा वर्षे झाली होती, पण विचारले नाही. जरा वेळाने म्हणाला, "मी सहा मॅचमध्ये फिल्डिंग केली होती बाबा, दोन हंगामांत. कोणाला क्रॅम्प आला, कोणाचं बोट गेलं, की मी. एक कॅचही घेतला होता. कव्हरला, मागे पळत जाऊन."

"मग सांगितलं नाहीस ते? पेपरात तर मी रोज बघायचो, स्थानिक पानावर. तुझं नाव कधी आलं नाही."

"बदलीचं नाव येत नाही," तो म्हणाला. "स्कोअरबुकात 'झे. बदली' एवढंच लिहितात."

खरेच आहे ते. क्रिकेटचे धावफलक मी आयुष्यभर वाचले आहेत, आकडे तपासायची सवयच असल्याने जरा जास्तच बारकाईने. 'झे. बदली' हे शब्द शेकडो वेळा डोळ्यांखालून गेले असतील. एखाद्या रविवारी नाही तर सोमवारी, चहा पिताना, मी माझ्या मुलाचा झेलही वाचला असेल आणि पान उलटले असेल.

मी कराराबद्दल विचारले नाही. झोपायला जाताना सुनेला म्हणालो, "त्याला सांग, मला कळलंय म्हणून." ती म्हणाली, "होग्ली बिड्री मामा, झोपा आता."

डिसेंबरात आम्ही परत आलो. जानेवारीत मुलाला न्यू जर्सीत काम मिळाले. राजेचाही क्लीव्हलँडचा करार संपलाच होता. २०१७ साली तो पुन्हा ओकलंडला गेला, तिथून ऑगस्टमध्ये बोस्टनला, २०१८ साली पुन्हा क्लीव्हलँडला. मुलगा फोनवर आमची विचारपूस झाली की शेवटी राजेचे सांगायचा, आणि मी बदल्यांच्या यादीत नोंदवून ठेवावे तसे ते लक्षात ठेवायचो.

शेवटचे मोठे सांगणे आले ते २०१९ च्या मे महिन्यात. तारीख लक्षात आहे, कारण लोकसभेच्या निकालाचा दिवस होता, २३ मे. टीव्हीवर आकडे धावत होते आणि मुलाचा फोन आला. मला वाटले निकालाचे विचारतोय.

"बाबा, राजेने काल काय केलं ऐका."

राजे तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि न्यूयॉर्क मेट्सच्या खालच्या संघात, सिराक्यूजला, होता. म्हणजे अठरा वर्षांनी पुन्हा उतरंडीत. आदल्या दिवशी तो संघ पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाउनला सामन्यासाठी गेला होता. तिथे त्याला निरोप आला, न्यूयॉर्कला माणूस कमी पडतोय, आजच ये. त्याने फोनवरून उबरची गाडी बोलावली आणि दोन तासांवर प्रवास करून तो न्यूयॉर्कच्या मैदानावर पोचला तेव्हा तिसरा डाव चालू होता. भाडे झाले २४३ डॉलर. कपडे बदलून बाकावर बसला. आठव्या डावात त्याला बदली फलंदाज म्हणून पाठवले. समोर पिचर कोण, तर शॉन डूलिटल, पाच वर्षांपूर्वीचा तोच, आता वॉशिंग्टनकडून. मेट्ससाठी पहिल्यांदाच बॅट हातात घेतली आणि होमरन. तीन धावा.

मी मनात सत्तरने गुणले. सतरा हजार दहा रुपये.

"संघाने भाडं दिलं का त्याला परत?"

पलीकडे मुलगा इतका हसला की खोकला आला. "मी हिला आधीच सांगितलं होतं, बाबा पहिलं हेच विचारणार."

त्यालाही ते माहीत नव्हते. मी म्हणालो, "पावती जपून ठेवली असेल तर मिळेल."

उन्हाळा संपायच्या आत मेट्सनी राजेला सोडले, मग तो लाँग आयलंडच्या एका छोट्या स्वतंत्र संघाकडून खेळला, मग मेट्सनी त्याला पुन्हा बोलावले. त्या हंगामानंतर तो मोठ्या लीगमध्ये दिसला नाही. एकूण आठ संघ. मोजताना ओकलंड आणि क्लीव्हलँड एकेकदाच धरायचे, तरी आठ.

त्याच फोनवर शेवटी मुलगा जरा थांबला. म्हणाला, "बाबा, आमचंही हलायचं ठरतंय. मिनियापोलिस. जुलैपासून. वर्षाचा करार आहे, पुढचं पुढे."

टीव्हीचा आवाज सौभाग्यवतींनी कमी केला. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे. त्यांनी ड्रॉवरमधून टेलिफोन डायरी काढली, मागचे पान उघडून माझ्यापुढे ठेवले आणि पेन शोधू लागल्या. पेन सापडेना. नातीची राहून गेलेली एक पेन्सिल होती, ती मी उचलली.

"थंडी फार म्हणतात तिथे," मी म्हणालो. "बरं, पत्ता सांग. सावकाश सांग, लिहून घेतोय."